पाटीवरचा आकडा

मास्तरच्या दुकानात दोन मशिनं आहेत, असं गल्लीतले लोक म्हणायचे. एक पायाने चालतं आणि दुसरं आपोआप. दुसरं म्हणजे मास्तरची छाती. हवा बिघडली, शेजारी कुणी धूर केला किंवा एखादं गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं, की ती शीळ घालायची. मास्तर गळ्यातली टेप बाजूला सारायचा, खिशातून पंप काढून दोनदा ओढायचा आणि "हं, बोला, बाही किती ठेवू?" म्हणून पुन्हा सुरू व्हायचा. चोपन्न वर्षांचा शिंपी. त्यातली सत्तेचाळीस वर्षं त्याने दम्याबरोबर काढली होती आणि बायकोबरोबर सव्वीस. तेव्हा दोघी सवतींतली थोरली कोण, याबद्दल बायकोच्या मनात कधी शंका नव्हती.

त्या दोघींच्याही वर घरात एक होती, ती ताई.

ताई मास्तरपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई त्याला आठवतच नव्हती, आणि वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. ती बातमी त्याला कशी कळली, तिथेच पुढच्या सगळ्याचं मूळ आहे. पोर रस्त्यात गोट्या खेळत होतं. शेजारचा एक माणूस, मनाने वाईट नव्हे पण अक्कल गहाण टाकलेला, येऊन म्हणाला, "अरे खेळतोस काय, तुझा बाप गेला!" पोराने श्वास आत घेतला तो बाहेरच येईना. ओठ निळे पडले. सोळा वर्षांच्या ताईने त्याला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. वडिलांना घरातून नेलं तेव्हा ती भावाच्या खाटेवर बसून त्याची पाठ चोळत होती. रडायला तिला वेळ मिळाला नाही, आणि टळलेलं रडणं पुढे कधी आलंच नाही. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला, की या पोराच्या अंगावर यापुढे कुठलीही गोष्ट अशी फेकायची नाही.

शाळेतल्या पोरांनी त्याचं नाव भात्या ठेवलं, कारण लोहाराच्या भात्यासारखी छाती वाजायची. त्याला राग यायचा, आणि रागाने छाती आणखी वाजायची, म्हणजे पोरांची दुहेरी करमणूक. ताईने त्यावर तोड काढली. तीच त्याला घरात भात्या म्हणायला लागली, आणि इतक्या लाडाने, की महिन्याभरात त्या नावातलं विष उतरलं. पुढे ती बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत लागली आणि अडतीस वर्षं तिथे बसली. तिला दोन स्थळं आली होती. एकाने विचारलं, "भावाचं काय?" ती म्हणाली, "भावाचं काय म्हणजे?" बोलणी तिथेच संपली. दुसऱ्याच्या वेळी तेवढंही बोलणं झालं नाही.

मास्तर चाळिशीत आला तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी त्याला एक फुंकायची नळी दिली. प्लास्टिकची, वर आकडे आणि एक लाल काटा. सकाळी उठून छातीभर हवा घ्यायची, जीव एकवटून फुंकायचं, आणि काटा थांबेल तो आकडा लिहून ठेवायचा. बरा दिवस असेल तर मास्तरचा काटा चारशेपर्यंत जायचा. डॉक्टरांना आकडे हवे होते ते औषध कमी-जास्त करण्यासाठी. जाता जाता ते एवढंच म्हणाले, "तीनशेच्या खाली असेल त्या दिवशी जरा जपा." ताईने तो 'जपा' घरी आणला आणि त्याचा कायदा केला.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तिने एक काळी पाटी टांगली. कापडावर खुणा करायच्या खडूने मास्तर तिच्यावर रोजचा आकडा लिहायचा. सात वाजता ताई वरच्या खोलीतून जिना उतरायची, आधी पाटी बघायची, मग चहाला बसायची. आकडा तीनशेच्या वर असेल तर घरात काहीही बोलायची मुभा. खाली असेल तर सगळ्यांनी तोंडात मूग धरायचे. गळणारं छप्पर, बिथरलेलं गिऱ्हाईक, नातेवाइकांची भांडणं, सगळं आकड्याची वाट बघत रांगेत उभं राहायचं. चांगल्या बातमीलाही सवलत नव्हती, कारण मास्तरला हसूनसुद्धा धाप लागायची. एका मोठ्या शाळेचं गणवेशाचं काम मिळालं, ते ताईने त्याला चिमूट चिमूट सांगितलं. सकाळी "एक शाळा विचारतेय", दुपारी "बरीच पोरं आहेत म्हणे", आणि पोरं सहाशे आहेत हे संध्याकाळी, तेही त्याला खुर्चीत बसवून.

बायको आधी हसायची. "अहो, तुमच्या घरात शिंकायलासुद्धा पाटी बघावी लागते!" मग तिची आई गेली. त्या दिवशी पाटीवर दोनशे ऐंशी होते. दोघी जिन्याखाली कुजबुजल्या, आणि बायको "भाचीला बघून येते" म्हणून तोंड धुऊन एकटीच निघून गेली. चौथ्या दिवशी तीनशे दहा आले, तेव्हा मास्तरला सांगण्यात आलं.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर मी आईसाठी रडले असते, का तुमच्या छातीकडे बघत बसले असते?" बायको म्हणाली. भांडी घासता घासता म्हणाली, मागे न बघता.

मास्तरला वाईट वाटलं. पण त्या वाइटाच्या तळाशी त्याला थोडं बरंही वाटलं होतं. रडारड, गर्दी, लोकांचे चेहरे, सगळं त्याच्याविना उरकलं होतं. आणि बरं वाटण्याची चटक लागते. पुढे एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या कोटावर त्याच्या हातून इस्त्री बसली आणि पाठीवर तपकिरी डाग पडला. दुसऱ्या दिवशी काटा तीनशे साठवर गेला, आणि मास्तरने पाटीवर लिहिले दोनशे नव्वद. बायको चकार शब्द बोलली नाही. ताईने गरम पाणी आणून दिलं. मग वर्षातून चार-पाचदा असं व्हायला लागलं. मांजर डोळे मिटून दूध पितं ते एकवेळ ठीक. या मांजराने घरातल्या माणसांचे डोळे मिटायची सोय भिंतीवर टांगून ठेवली होती.

एवढं सांगितलं ते पुढच्या अकरा दिवसांसाठी. त्या अकरा दिवसांत ताईला काहीतरी सांगायचं होतं, आणि मास्तरला ते ऐकायचं नव्हतं.

ताई त्रेसष्ट वर्षांची होती. थंडीच्या सुरुवातीपासून तिचं काहीतरी चाललं होतं. तिने ट्रंक उघडून जुने कागद फाडले. दोन पातेली आणि चांगली शिसवी पेटी बायकोला देऊन टाकली. दर मंगळवारी एक मोठं तपकिरी पाकीट घेऊन ती बाहेर पडायची आणि दुपारी थकून परतायची. "कुठे गेली होतीस?" विचारलं की म्हणायची, "काम होतं." आता तिची एक मैत्रीण होती, तिकिटाच्या शेजारच्या खिडकीत बसायची ती. निवृत्त होऊन समुद्राकाठी एका लहान घरात राहायला गेली होती, आणि दर पत्रात लिहायची, "इथे एक खोली तुझीच आहे, कधी येतेस?" ताई ते पत्र मोठ्याने वाचून दाखवायची आणि हसून म्हणायची, "जाईन एक दिवस."

चोराच्या मनात चांदणं. मास्तरने ठरवूनच टाकलं, की ताई चालली. सामान आवरतेय, वस्तू वाटतेय, मंगळवारी पेन्शनचे कागद तिकडे बदलून घ्यायला जातेय. सत्तेचाळीस वर्षं सकाळी सातला जिना वाजला नाही, असा दिवस त्याने पाहिला नव्हता. ती जायला मोकळी आहे हे त्याला कळत होतं. तिचं आयुष्य त्याच्या छातीपायी गेलं हेही कळत होतं. म्हणूनच तिने समोर बसून विचारलं तर 'जा' म्हणावं लागेल, आणि ते त्याला म्हणायचं नव्हतं.

खरं तर एक पुरावा त्याच्या हातातून तीनदा गेला होता. निवृत्तीच्या वेळी त्याने ताईला राखाडी लोकरीचा कोट शिवून दिला होता. बाजूच्या शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवली होती, साठीनंतर बायका अंगाने भरतात या अनुभवावर. त्या थंडीत ताईने तो आणून टेबलावर टाकला. "भात्या, सैल होतोय रे." त्याने दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतला. महिन्याभरात पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा.

"कापड ताणलं असेल," तो म्हणाला.

"असेल," ताई म्हणाली.

तीस वर्षं लोकर कापणाऱ्या माणसाला माहीत असतं, की चांगली लोकर अशी ताणत नाही. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने टेप खाली ठेवून विचारलं असतं, "तब्येत बरी आहे ना?" ताईला त्याने विचारलं नाही. शिवण घातली, दोरा तोडला, कोट खुंटीला लावला. आत आता चार बोटं माया साचली होती.

एका रविवारी संध्याकाळी ताई दुकानात येऊन स्टुलावर बसली. "उद्या आकडा बघू," ती म्हणाली, "आणि मग तुझ्याशी जरा बोलायचंय. कामं काढू नकोस सकाळी."

"कशाबद्दल?"

"सकाळी म्हटलं ना."

सोमवारी सकाळी मास्तरने फुंकलं. काटा तीनशे नव्वदवर गेला. कित्येक आठवड्यांत इतका चांगला आकडा आला नव्हता. त्याने खडू घेतला आणि लिहिले दोनशे साठ. सातला जिना वाजला. ताईने पाटी बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. "छाती भरलीय का रे?" म्हणाली, आणि चहा न घेता आधी त्याच्यासाठी वाफेचं पाणी ठेवायला गेली.

मंगळवारी त्याने दोनशे सत्तर लिहिले, बुधवारी दोनशे पन्नास. एकच आकडा रोज लिहिला तर संशय येईल, एवढी अक्कल त्याला होती. खोट्याला सोबत म्हणून तो खोकायचाही. गंमत अशी, की काळजीने त्याची झोप उडाली होती, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती खरोखरच थोडी वाजायला लागली. काटा तीनशे तीसवर आला. त्याला जवळजवळ समाधान वाटलं, की चला, अगदीच खोटं नाही.

बायकोने एकदा ताईला जिन्याखाली गाठलं. "ताई, काय आहे ते मला तरी सांगा."

"आधी भात्याला, मग तुला. तुझ्या पोटात राहील गं, पण तोंडावर दिसेल. तो तुझ्या तोंडावरून ओळखेल आणि तिथेच गुदमरेल. जरा आकडा चढू दे."

नवव्या दिवशी, मंगळवारी, ताईने फर्मान सोडलं. "ऊठ. डॉक्टरांकडे जायचंय. आठ दिवस तीनशेच्या खाली, हे बरं नाही."

"आज मंगळवार. तुझं काम असतं ना?"

"माझं काम कुठे पळत नाही," ताई म्हणाली, आणि कोट चढवला.

बसमध्ये तिने त्याला खिडकीची जागा दिली. मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर छातीचे डॉक्टर बसायचे. तिथपर्यंत चढताना ताई दोनदा थांबली. "तुला दम लागला असेल," म्हणाली, आणि कठड्याला धरून उभी राहिली. मास्तरला दम लागला नव्हता. तिच्याबरोबर तोही थांबला.

डॉक्टरांनी नळी पुढे केली. मास्तरने गाल फुगवून हलकेच फुंकलं. "अहो, जोर लावा." त्याने डोळे वटारले, खांदे उचलले आणि तेवढंच हलकं फुंकलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. "आवाज तर फारसा नाही," ते पुटपुटले. मग विचारलं, "मास्तर, कसली काळजी आहे का?"

"नाही," मास्तर म्हणाला.

"असली तर सांगा. लाजायचं काही नाही. माणूस घाबरला, चिडला, रडला, की श्वास भराभर चालतो, आणि तुमच्यासारख्यांच्या नळ्या खरोखर आवळतात. ते मनाचे खेळ नसतात. पण म्हणून रडणं-हसणं बंद करायचं नसतं. औषध नेमाने घ्यायचं, पंप खिशात ठेवायचा आणि चारचौघांसारखं जगायचं."

ताई खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे डॉक्टर, एखादी वाईट बातमी सांगितली तर चालते?"

"चालते की. आकडा बरा असला, औषध नीट चालू असलं, तर का नाही?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "सध्या मात्र बराच उतरलाय. औषध वाढवून देतो. तीन-चार दिवस थांबा, वर येईल."

"थांबते," ताई म्हणाली.

मास्तर जमिनीवरच्या फरशा बघत होता. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं असं नाही. पण बरंचसं टळलं असतं.

परतीच्या बसमध्ये ताईने दोघांची तिकिटं काढली. मग समोर बघत म्हणाली, "भात्या, मी नसले तर तुझं चालेल ना रे?"

झालं! समुद्राकाठची खोली. मास्तर खोकायला लागला. आधी मुद्दाम, मग थांबवता येईना म्हणून. ताईचा हात त्याच्या पाठीवर आला आणि वरून खाली, वरून खाली फिरायला लागला. "राहू दे, राहू दे," ती म्हणाली. "काही विचारलं नाही मी. आकडा वर आला की बोलू." हात त्याला हलका वाटला. कोटाची बाही मनगटावर मोकळी हलत होती.

गुरुवार हा अकरावा दिवस. पाटीवर दोनशे सत्तर. ताई जिना उतरली, पाटीपुढे उभी राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "आज पण नाही." मग काहीतरी विसरल्यासारखी वळली आणि पुन्हा वर जायला निघाली. चौथ्या पायरीवर ती बसली. बसली ती कलंडली.

रुग्णालय तेच, पण मजला तिसरा. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मास्तरला आणि बायकोला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि फाइल उघडली. ताईच्या यकृतात गाठ होती. चार महिन्यांपूर्वी कळलं तेव्हाच ती पसरलेली होती. "बरं होण्यातलं नव्हतं, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. दर मंगळवारी यायच्या, एकट्याच. पाच वेळा म्हटलं, घरच्या कुणाला तरी घेऊन या. म्हणायच्या, भाऊ आहे, पण त्याचा दमा सध्या वर आहे, जरा उतरला की आणते." बाईंनी पान उलटलं. "या मंगळवारी वेळ दिली होती. आल्याच नाहीत. कुठे होत्या?"

कुठे होती ते मास्तरला माहीत होतं. एक मजला खाली, त्याच्या शेजारच्या खुर्चीत.

मग छाती आवळली. या वेळी खोटं काही नव्हतं. हवा आत जाईना आणि आतली बाहेर येईना, मान ताठली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले गेले. पाचावर धारण बसली तरी सवयीने हात खिशात गेला. बायकोने पंप हलवून दिला. एकदा, थांबून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाईंनी स्वतः नाडी धरली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मास्तर काट्याकडे बघत राहिला. हळूहळू श्वास लांबला. शीळ बारीक झाली. त्याला रडू फुटलं, आणि रडता रडताही श्वास चालूच राहिला.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली होती.

सत्तेचाळीस वर्षं ज्या गोष्टीला घर भ्यायलं, ती वीस मिनिटांची होती. त्या अकरांपैकी कुठल्याही सकाळी ताई समोर बसली असती, तिने सांगितलं असतं, तो गुदमरला असता, तिने पाठ चोळली असती, आणि चहा निवायच्या आत दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत बसली असती. टळलेलं रडणं तिला तेव्हा तरी रडता आलं असतं.

"अहो," बायको म्हणाली, "आठ-दहा दिवस छाती इतकी उतरलेली, आणि एवढा घाव कसा निभावला?"

मास्तरने तिला सांगितलं. आकडे, खडू, समुद्राकाठची खोली, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"माझी आई गेली तेव्हाही?"

"नाही. तेव्हा खरंच दोनशे ऐंशी होते."

तिचा विश्वास बसला की नाही, ते तिच्या तोंडावर, जे कधी काही लपवू शकत नव्हतं, त्या दिवशी दिसलं नाही. ती उठून पदराने डोळे पुसत म्हणाली, "ताई शुद्धीवर आल्या की त्यांना सांगा. माफी-बिफी नंतर मागा. त्यांना काय बोलायचंय ते बोलता यावं म्हणून सांगा."

शुक्रवारी दुपारी भेटायच्या वेळेत ताईने डोळे उघडले. चेहरा पिवळा पडला होता, हाताला सलाइन होतं. तिने मास्तरला ओळखलं, आणि पहिला प्रश्न केला, "आज आकडा किती?"

"तीनशे ऐंशी," मास्तर म्हणाला. खरोखर तेवढाच आला होता.

ताईच्या ओठांवर हसू आलं. "मला शिकवतोस? काल दोनशे सत्तर, आज एकदम तीनशे ऐंशी! माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलतोस." तिने डोळे मिटले. "असू दे. उद्या खरा तीनशेच्या वर गेला की सांगते. फार काही नाही रे. थोडंच आहे."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं जे झालं, तेच झालं. उलटं झालं एवढंच.

सांगायला हवं होतं ते आत्ताच. 'ताई, मी खोटं लिहीत होतो, मला सगळं कळलंय, बोल तू.' ओठांवर आलंही होतं. पण तेवढ्यात त्याची नजर खाटेच्या पायाशी अडकवलेल्या तक्त्यावर गेली. ताप, नाडी, रक्तदाब. रक्तदाबाच्या खाली परिचारिकेने लाल रेघ मारली होती. मास्तरच्या मनात आलं, हे ऐकून हिला काय होईल? अकरा दिवस एकटीने काढले ते माझ्या खोट्यापायी, हे या अशा अंगाने तिला सोसेल? आज आकडे बरे नाहीत. उद्या जरा वर आले की सांगू.

बायको खाटेच्या पलीकडे उभी होती. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली, बोला म्हणून. त्याने तक्त्याकडे बोट केलं. ती काय समजायचं ते समजली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तर ताईची पाठ चोळायला गेला. ती उताणी होती, म्हणून खांद्यापासून मनगटापर्यंत हात चोळत राहिला. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ताई झोपेतच पुटपुटली, "वाफ घे हं संध्याकाळी."

शनिवारी सकाळी अकराला, भेटायची वेळ व्हायच्या आधी, ती गेली. तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिला काय सांगायचं होतं, ते थोडंच होतं म्हणे. ते थोडंसं काय, हे मास्तरला कधी कळलं नाही. मैत्रिणीला कळवलं, तर तिने उलट पत्र लिहून विचारलं, ताई समुद्र बघायला येणार होती, पण भावाला विचारून येते म्हणाली होती, त्याचं काय झालं?

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर सवयीने सहाला उठला. खिडकीपाशी उभं राहून त्याने छातीभर हवा घेतली आणि सगळा जोर लावून फुंकलं. काटा तीनशे नव्वदवर थांबला. त्याने खडू घेतला, कालचा आकडा बाहीने पुसला आणि पाटीवर मोठ्या, स्वच्छ अक्षरांत तीनशे नव्वद लिहिले. मग तो तिथेच, पाटीच्या शेजारी उभा राहिला.

बायको चहाचे दोन कप घेऊन आली. तिने पाटी वाचली, त्याच्याकडे बघितलं, आणि कप खाली ठेवून त्याच्या शेजारी उभी राहिली. सात वाजले. दोघं जिन्याकडे बघत होती.